चाच्यांनी मारलेला सगळ्यात मोठा डल्ला कोणता?

कॅरिबियन समुद्राचं नाव आधी डोळ्यांसमोर येतं, पण माझं मत हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याला, आणि तेही आपल्याच अरबी समुद्रात. सप्टेंबर १६९५. औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' हे अवाढव्य जहाज हज यात्रेकरू आणि व्यापाराचा पैसा घेऊन सुरतेकडे परतत होतं. मुघल काळातला इतिहासकार खाफीखान लिहितो, जहाजावर ८० तोफा होत्या. पण ऐन लढाईत त्यातलीच एक फुटली आणि आपलीच माणसं मेली. वर एव्हरीच्या 'फॅन्सी' जहाजाच्या गोळ्याने मुख्य डोलकाठी कोसळली. मग काय, चाचे वर चढले. ५२ लाख रुपये गेले, असा खाफीखानाचाच आकडा. बायकांवर जे अत्याचार झाले ते सिनेमातल्या रंगेल चाच्यांच्या गोष्टींत येत नाहीत, एवढंच सांगतो.

संतापलेल्या बादशहाने सुरतेच्या वखारीतले इंग्रज कैद केले. लंडनमध्ये एव्हरीवर बक्षीस लागलं, १६९६ मध्ये त्याचे पाच साथीदार फासावर गेले. खुद्द एव्हरी मात्र आयर्लंडला उतरला आणि जो गायब झाला तो कायमचाच.