सिलॉजिझममधलं ‘काही’, ‘फक्त काही’ आणि आपला ‘च’

प्रश्न थोडक्यात असा आहे. बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेची तयारी मराठीतून चालू आहे, परळच्या अभ्यासिकेत तिघीजणी मिळून सिलॉजिझमचे (म्हणजे दिलेल्या विधानांवरून कोणता निष्कर्ष निघतो ते ओळखायचे) सेट सोडवतात आणि ‘काही छत्र्या पिशव्या आहेत’ आणि ‘फक्त काही छत्र्या पिशव्या आहेत’ या दोन वाक्यांवरून त्यांचं रोज वाजतं. एक मैत्रीण म्हणते दोन्ही सेमच, ‘काही’ म्हटलं की ‘सगळ्या नाहीत’ हे त्यात आलंच ना. उत्तरं मात्र दोन्हीची वेगळी येतात. वर आणखी दोन शंका: ‘सर्व छत्र्या पिशव्या नाहीत’ म्हणजे एकही नाही की काही नाहीत? आणि ‘फक्त काही’च्या जागी मनात ‘मोजक्याच’ असं वाचलं तर चालेल का?

मैत्रिणीला आधी अर्धे मार्क देऊन टाकतो, कारण बोलण्यापुरतं तिचं बरोबर आहे. आईने विचारलं डब्यातले लाडू कोणी खाल्ले, तुम्ही म्हणालात ‘मी काही खाल्ले’, आणि मग डबा उघडला तर पार रिकामा, तर आई काय म्हणेल ते सांगायला नको. बोलताना आपण ‘काही’ म्हणतो तेव्हा ‘सगळे’ म्हणता आलं नाही म्हणूनच म्हणतो, असं ऐकणारा धरून चालतो. पण हे धरून चालणं झालं, शब्दाचा अर्थ नव्हे. तर्कशास्त्रात अगदी अ‍ॅरिस्टॉटलपासून ‘काही’ म्हणजे ‘निदान एक तरी’, बास, पुढचं काही बोललेलंच नाही. सगळे खाल्ले असतील तर काही खाल्लेच की! म्हणजे त्या हिशोबाने तुम्ही आईशी खरंच बोललात (तिच्यासमोर हे आर्ग्युमेंट करू नका).

‘फक्त काही’ मात्र एका वाक्यात दोन गोष्टी सांगतं, काही छत्र्या पिशव्या आहेत आणि काही छत्र्या पिशव्या नाहीत. फरक कुठे पडतो तर शक्यतेच्या निष्कर्षात. ‘काही छत्र्या पिशव्या आहेत’ एवढंच दिलंय आणि निष्कर्ष आहे ‘सर्व छत्र्या पिशव्या असण्याची शक्यता आहे’, तर निघतो, कारण दार उघडं ठेवलंय. विधानात ‘फक्त काही’ असेल तर तोच निष्कर्ष बाद. पण उलट बाजू बघा, ‘सर्व पिशव्या छत्र्या असण्याची शक्यता आहे’ हा ‘फक्त काही’ असतानासुद्धा निघतो, कारण बंधन छत्र्यांवर घातलंय, पिशव्यांबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नाही. क्लार्कच्या प्रिलिम्सला, म्हणजे पूर्वपरीक्षेला, रिझनिंगचे ३५ प्रश्न २० मिनिटांत उरकायचे असतात, चुकलं की पाव मार्क जातो, तिथे थांबून असा विचार करायला वेळ कुठला, म्हणून हे आधीच डोक्यात बसलेलं हवं.

आता खरी गंमत ‘फक्त’ची. हा शब्द ज्याला चिकटतो त्याचंच काम बघतो. ‘फक्त काही छत्र्या’मध्ये तो ‘काही’ला चिकटलाय. ‘फक्त छत्र्या पिशव्या आहेत’मध्ये छत्र्यांना चिकटलाय, आणि तिथे अर्थ होतो की सगळ्या पिशव्या छत्र्या आहेत. उलटा! पुष्कळ जणांना इथे धक्का बसतो, पण लोकलच्या डब्यावर ‘फक्त महिलांसाठी’ लिहिलेलं असतं ते रोज बघता ना. त्यावरून काय कळतं? या डब्यात जे कोणी आहेत ते सगळे महिला आहेत (लहान मुलगे चालतात, ते सोडून द्या). सगळ्या महिला या डब्यात आहेत असं त्यावरून अजिबात कळत नाही, शेजारच्या जनरलमध्ये पण असतातच. म्हणजे ‘फक्त अ हे ब’ दिसलं की सरळ ‘सर्व ब हे अ’ असं करून टाकायचं.

ज्यांना हे उलटसुलट करताना गोंधळ होतो त्यांना माझा सल्ला, ‘फक्त’ काढा आणि आपला मराठी ‘च’ लावून वाक्य म्हणून बघा, कान लगेच सांगतो. ‘छत्र्याच पिशव्या आहेत’, म्हणजे छत्री सोडून दुसरं काही पिशवी नाही. ‘छत्र्या पिशव्याच आहेत’, म्हणजे छत्री म्हणजे पिशवी असणारच. एक ‘च’ एका शब्दापुढून दुसऱ्यापुढे सरकला आणि ‘सर्व ब हे अ’चं ‘सर्व अ हे ब’ झालं. हिंदीतही ‘ही’ आहे म्हणून त्यांचं जमतं.

आणि हा काही माझा शोध नाही बरं का. धर्मकीर्ती नावाचा बौद्ध तर्कपंडित होऊन गेला, सातव्या शतकाच्या आसपासचा, त्याने संस्कृतमधल्या ‘एव’बद्दल हेच लिहून ठेवलंय आणि त्याची तीन उदाहरणं तर बँकेच्या पेपरात छापावीत अशी आहेत. ‘पार्थ एव धनुर्धरः’, पार्थच धनुर्धर आहे, म्हणजे बाकी कोणी नाही. ‘चैत्रो धनुर्धर एव’, चैत्र (हे माणसाचं नाव, महिना नव्हे) धनुर्धरच आहे, म्हणजे त्याच्या धनुर्धर असण्यात शंका नाही, इतर असतील नसतील. तिसरं मला सगळ्यात आवडतं, ‘नीलं सरोजं भवत्येव’, कमळ निळं असतंच. इथे ‘एव’ क्रियापदाला लागलाय, आणि अर्थ सगळी कमळं निळी असा नाही, तर निळं कमळ मुळीच नसतं असं नाही, एवढाच. आपण म्हणतो ना ‘अहो निळी कमळं असतातच की’, तेच. आता नीट बघा, पहिलं झालं परीक्षेतलं ‘फक्त’, दुसरं ‘सर्व’, आणि तिसरं म्हणजे तेच ‘काही’, निदान एक तरी! मैत्रिणीला ‘काही’ समजावताना लाडूंपेक्षा हे उदाहरण द्या, कारण ‘असतातच की’ म्हणताना सगळ्या कमळांबद्दल आपण काहीच दावा करत नसतो हे ऐकताक्षणी पटतं. आणि हा ‘च’ पण आजकालचा नाही, महाराष्ट्री प्राकृतात ‘च्च’, ‘चिअ’, ‘चेअ’ अशी अव्ययं याच कामाला होती आणि हेमचंद्र या जैन पंडिताने बाराव्या शतकातल्या आपल्या व्याकरणात ती नोंदवलीत.

मग पेपरात ‘फक्त काही’ऐवजी सरळ ‘काहीच’ का छापत नाहीत असं विचाराल. कारण ‘काहीच’ हा दुतोंडी आहे. ‘काहीच छत्र्या पिशव्या आहेत’ ठीक, पण ‘मला काहीच कळलं नाही’मध्ये तो एकदम शून्यावर येतो. नकार आला की ‘काही’चा भरवसा नसतो, ‘सगळेच काही वाईट नसतात’मधल्या ‘काही’चा तर संख्येशी संबंधच उरलेला नाही. म्हणून पेपर काढणारे ‘फक्त काही’सारखं ओबडधोबड लिहितात, आणि मला वाटतं ते बरोबर करतात, ओबडधोबड चालेल पण दोन अर्थ नकोत.

याच न्यायाने तुमचं ‘सर्व छत्र्या पिशव्या नाहीत’ हे वाईट वाक्य आहे. मराठी कानाला ते बहुतेक वेळा ‘सगळ्याच नाहीत, काही असतील’ असं लागतं, ‘फास्ट लोकल सगळ्या स्टेशनांवर थांबत नाही’ म्हटल्यावर ती कुठेच थांबत नाही असं कोणी समजत नाही, किंवा ‘चकाकतं ते सगळं सोनं नसतं’ ऐकून कोणी सराफाकडे जायचं थांबत नाही. पण सूर बदलला की ‘सगळे आले नाहीत’चा अर्थ ‘कोणीच आलं नाही’ असाही होऊ शकतो आणि छापलेल्या वाक्याला सूर नसतो. तर्कशास्त्राची पुस्तकं साधारणपणे ‘काही नाहीत’ हाच अर्थ घेतात, तुम्हीही तोच घ्या. नीट काढलेल्या पेपरात शून्य सांगायचं असेल तर ‘एकही छत्री पिशवी नाही’ किंवा ‘कोणतीही छत्री पिशवी नाही’ असंच येतं. सरावाच्या सेटमध्ये वाक्य संशयास्पद वाटलं तर इंग्रजी वाक्य शेजारी घेऊन ताडून बघा, खूपदा घोळ तर्काचा नसतो, भाषांतराचा असतो.

जाता जाता एक, हे प्रश्न सोडवताना काढायच्या ज्या गोलांना क्लासमध्ये वेन डायग्राम म्हणतात ते बहुतेक वेळा ऑयलर या गणितज्ञाचे गोल असतात, अठराव्या शतकातले. जॉन वेन या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाने १८८० मध्ये मांडलेल्या आकृतीत सगळे गोल आधीपासून एकमेकांत गुंतलेलेच काढायचे आणि मग रिकामा भाग रेघांनी भरायचा. परीक्षेला ऑयलरवालेच बरे, पटकन होतात. फक्त एकच आकृती काढून थांबू नका, शक्यतेच्या निष्कर्षाला दुसरी काढावीच लागते.

राहता राहिलं ‘मोजक्याच’. ऐकायला छान आहे पण नको. ‘मोजक्याच’ म्हटलं की डोळ्यापुढे चार-पाच छत्र्या येतात, आणि ‘फक्त काही’ला संख्या किती याच्याशी देणंघेणं नाही. शंभरातल्या ९९ छत्र्या पिशव्या असल्या आणि एकच नसली तरी ‘फक्त काही’ खरंच ठरतं. ‘थोड्याच’लाही हीच अडचण. मनात म्हणायचंच असेल तर ‘काही आहेत, काही नाहीत’ असं सरळ म्हणा, लांब आहे पण त्यात निष्कर्षाची दोन्ही वाक्यं आयती मिळतात.