खाऱ्या हवेत कोणते युकुलेले टिकेल?

प्रश्न : मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या एका शाळेत शिक्षिका आहे. मुलांच्या गाण्यांना साथ म्हणून युकुलेले हे गिटारसारखे चार तारांचे छोटे वाद्य घेतले होते, परंतु दुसऱ्याच पावसाळ्यात त्याचा ब्रिज (पोटावर चिकटवलेला, तारा अडकवण्याचा तुकडा) उचकटला आणि खुंट्या गंजल्या. ४,००० रुपयांच्या आत टिकाऊ वाद्य मिळेल, की अस्सल लाकडाचे घेण्यासाठी आणखी पैसे साठवावेत?

उत्तर : पैसे साठवू नयेत, कारण आपल्या हवेत महाग लाकूडच आधी दगा देते. एकसंध फळीचे वाद्य साधारणपणे ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेच्या हिशेबाने बांधलेले असते आणि कोकणात आषाढ-श्रावणात हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर सहज जाते. लाकूड ओलावा शोषून आडवे फुगते, वाद्याचे पोट वर येते, तारा मानेवरच्या बोटे ठेवण्याच्या पट्टीपासून उंच होतात आणि तारांच्या ताणाने ब्रिजखालचा सांधा सुटू लागतो. पावसाळ्यात हार्मोनियमच्या पट्ट्या फुगून अडकतात, त्यामागचे कारणही हेच. लॅमिनेटमध्ये पातळ थर एकमेकांच्या आडव्या रेषांत चिकटवलेले असल्यामुळे ते फारसे हलत नाही. त्याचा नाद थोडा बोथट असतो हे खरे, पण वर्गातल्या तीस-चाळीस मुलांच्या आवाजात तो फरक कोणाला जाणवणार?

दुकानात नादछिद्राची कड उजेडात धरून पाहावी. तेथे थर दिसले तर ते लॅमिनेट होय. त्यानंतर ब्रिजच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकवून पाहावा. तो आत शिरला तर ते वाद्य परत ठेवावे. स्वस्त वाद्यांतला सर्वांत मोठा दोष मात्र डोळ्यांना दिसत नाही : वरच्या नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या तुकड्याच्या, खाचा उंच राहिलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या रेघांपैकी पहिलीवर) तार दाबताच सूर चढतो. फोनवरील ट्यूनर लावून चारही तारा पहिल्या आणि बाराव्या फ्रेटवर तपासाव्यात. नटच्या खाचा गिटार दुरुस्त करणारा कारागीर थोडक्या पैशांत घासून देतो, परंतु बाराव्या फ्रेटवरचा सूर लांबच चुकत असेल, तर त्या वाद्याच्या नादी लागू नये.

आपले वाद्य वर्गाबाहेर, व्हरांड्यात किंवा होडीतून नेले जाणार असेल, तर प्लॅस्टिकचाही विचार करावा. प्लॅस्टिक म्हणजे खेळणे, ही समजूत जुनी आहे. मारिओ माकाफेरी या गिटार घडवणाऱ्या कारागिराने १९४९ मध्ये अमेरिकेत प्लॅस्टिकचे युकुलेले बाजारात आणले आणि ते अफाट खपले. आज काला या कंपनीचे ‘वॉटरमन’ हे युकुलेले एबीएस या कठीण प्लॅस्टिकचे येते. अशा काही वाद्यांचे फ्रेटही प्लॅस्टिकचेच असतात. ते गंजत नाहीत, मात्र धातू गुंडाळलेल्या तारेने झिजतात. तशी तार, जी काही जण खर्जातल्या ‘जी’ (G) सुरासाठी लावतात, खाऱ्या हवेत काळीही पडते. नायलॉन किंवा फ्लुरोकार्बनच्या साध्या तारा लावल्या की दोन्ही प्रश्न मिटतात.

खुंट्यांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे : उघड्या दातेरी चाकांच्या खुंट्यांपेक्षा झाकलेल्या घ्याव्यात, आणि दर महिन्याला त्यांचे स्क्रू शिलाई यंत्राच्या तेलाचा थेंब लावून पुसावेत. वाद्य समुद्राकडच्या भिंतीवर न टांगता आतल्या भिंतीवर टांगावे. पिशवीच्या मऊ अस्तरात ओल साठून बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात ते सतत पिशवीत बंद ठेवू नये; प्रवासात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्यांचे निळे दाणे गुलाबी झाले की तापवून कोरडे करावेत. युकुलेलेसाठी म्हणून विकली जाणारी ओलावा देणारी उपकरणे थंड, कोरड्या देशांतील घरांसाठी असतात. ती आपण विकत घेण्याचे कारण नाही.