उत्तर: धुतल्यावर मांडीपर्यंत आलेला सुती स्वेटर

ताई, तुमची पोस्ट वाचली. वरून खाली विणलेला, गोल योकचा (योक म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंतचा वरचा भाग), सैल सुती स्वेटर. छाती १०० सेंमी हवी होती, धुतल्यावर ११० भरली, कड मांडीवर आली. आणि मोजमापासाठी आधी विणलेला नमुन्याचा तुकडा म्हणे अगदी बरोबर होता! आता उसवू की वापरू, असं विचारलंय. हे दुखणं ओळखीचं आहे, ७०० ग्रॅम सूत मीही असंच घालवलंय. टाके घालणं, गोल जोडणं वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडून देतो.

चूक तुकड्यातच आहे. २० टाक्यांचा चतकोर विणायचा, न धुता टेबलावर पसरायचा, कडेपासून कडेपर्यंत फूटपट्टी लावायची, आणि हिशोबाने १० सेंमीत २२ टाके आले की खूश. कडेचे टाके नेहमी वाकडे असतात, त्यांना धरून मोजलेलं खरं नसतं. तुमचे २२० टाके २२ च्या हिशोबाने १०० सेंमी होतात. धुतल्यावर तेच १० सेंमीत २० वर आले की ११० सेंमी. फरक दोनच टाक्यांचा!

आता तुकडा असा करा. किमान ४० टाके, १५ सेंमी उंची. स्वेटर गोल विणणार असाल तर तुकडाही फक्त सुलट ओळींचा हवा: गोल सुईवर (दोन टोकं वायरने जोडलेली सुई) ओळ संपली की काम न फिरवता टाके दुसऱ्या टोकाला सरकवायचे, धागा मागून सैल सोडायचा, पुन्हा सुलट. बहुतेकांची उलट ओळ जरा सैल पडते, म्हणून सपाट विणलेला तुकडा आणि गोल विणलेलं अंग जुळत नाही. मग कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, टॉवेलात दाबा, पिळू नका. लोकर असेल तर आडवी वाळवा. सुती तुकडा आडवा वाळला की खालच्या कडेला चार चिमटे लावून रात्रभर टांगा. पूर्ण स्वेटरचं वजन त्याला असंच ओढणार आहे. मग मधले १० सेंमी मोजा, टाके आणि ओळी दोन्ही. ओळी सगळे विसरतात. योक ६० ओळींचा असेल आणि १० सेंमीत ३० ओळी असतील तर तो २० सेंमी होतो. २७ च असतील तर २२ च्या वर जातो आणि काख खाली लोंबते.

सध्याच्या फॅशनबद्दल माझं मत थोडं कडू आहे, पटलं तर घ्या. बिनशिवणीचा, १५-२० सेंमी सैल आणि सुती, हे तिन्ही एकत्र आलं की स्वेटर लोंबणारच. जुन्या पद्धतीत पाठ, पोट, बाह्या वेगळ्या विणून खांद्याला शिवत. ती शिवण वजन पेलते. एकसंध योकला तो आधारच नाही, आणि सुताला लोकरीसारखी मूळ आकारात परतायची सवय नाही. उपाय दोन. सुई एक पायरी बारीक घ्या, ४ मिमी ऐवजी ३.७५. दुसरं, मागच्या गळ्याच्या आतून क्रोशाची घट्ट साखळी एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत भरा. लांबी ४-५ सेंमी कमी ठेवा, बाकीची ती स्वतःच वाढते.

पुढचा गळा गळ्याशी आवळतो असंही लिहिलंय. पाठ पुढच्यापेक्षा उंच हवी, त्यासाठी मागच्या भागात ६ ते ८ अर्धवट ओळी, म्हणजे ओळ पूर्ण न करता मधूनच परतायचं. काम फिरवा, धागा पुढे घ्या, पहिला टाका न विणता उचला आणि धागा सुईवरून मागे जोरात ओढा, म्हणजे त्या टाक्याला दोन पाय दिसतील. परत येताना ते दोन्ही एक टाका समजून विणा. ओढ सैल राहिली की तिथे भोक पडतं.

जाता जाता, सुईचे नंबर. आपल्याकडचा नंबर जुना ब्रिटिश, त्यात आकडा वाढला की सुई बारीक. अमेरिकन नंबर उलटा. आपली ८ म्हणजे ४ मिमी, त्यांची ८ म्हणजे ५. दोघे जमतात फक्त ७ वर, साडेचार मिमी. मिमीच बघा.

इचलकरंजीचं कोनवरचं सूत स्वस्त म्हणून कुणी सुचवलंय. २० नंबरचं सूत (हा नंबर सुताच्या बारीकपणाचा, सुईचा नव्हे) १०० ग्रॅमला जवळपास ३,४०० मीटर भरतं. १०० ग्रॅमला २२० मीटरच्या धाग्याइतकी जाडी आणायला १५ पदर एकत्र लागतील, आणि सुई त्यांतले दोन-तीन हमखास सोडून देणार. नको.

मोहेरचा (अंगोरा शेळीच्या केसांचा) बारीक धागा जोडून विणायचीही टूम आहे. दिसतं सुंदर, पण केस एकमेकांत अडकतात, उसवता येत नाही. कोल्हापूरच्या दुपारी तो अंगात घालून बघा म्हणजे कळेल. रंकाळ्यावरच्या पहाटेच्या फेरीला आजोबांचा तो बिनबाह्यांचा स्वेटर पुरतो. आता त्यालाच फॅशन म्हणतात.

तुमचा प्रश्न होता, उसवू की वापरू. छाती ४ सेंमीपर्यंत वाढली असती तर वापरा म्हटलं असतं. १० म्हणजे उसवा, पण पूर्ण नाही. तुकडा नीट करून आधी ठरवा. योकची रुंदी चालणार असेल तर काखेच्या ओळीत वेगळ्या रंगाचा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून मग खालचं उसवा, म्हणजे टाके निसटत नाहीत. निघालेला धागा कुरळा असतो, त्याने लगेच विणलं तर मोजमाप पुन्हा फसतं. लडी करून चार ठिकाणी सैल बांधा, भिजवा, खाली थोडं वजन लावून वाळवा. आषाढात हे काम काढू नका, सुती लडी दोन-तीन दिवस ओलीच राहते आणि कुबट वास धरते.