जागतिक प्रदर्शनातल्या भारताच्या पॅव्हेलियनमध्ये देशाची संस्कृती आणि आकांक्षा कशा दाखवाव्यात?

तुम्ही लिहिलंय की थीसिसला जागतिक प्रदर्शनातलं भारताचं पॅव्हेलियन, म्हणजे देशाचं प्रदर्शन-दालन, घेतलंय, कमळ, मोर आणि स्तूप असे तीन कॉन्सेप्ट करून झाले आणि गाइडनी तिन्ही परत पाठवले. मी पुण्यात वीसेक वर्षं आर्किटेक्ट आहे, विद्यार्थ्यांची कामं तपासायला ज्यूरीला बसतो, त्यामुळे ही तिन्ही शीट्स माझ्यासमोर पुष्कळदा आली आहेत. कमळ वाईट नाही. पण पैसे मोजले तर कमळाचा आकार कुठलाही कंत्राटदार कुठल्याही देशात उभा करून देईल, आणि आत शिरल्यावर पाकळ्या दिसतही नाहीत. मग पाहुण्याला आपल्याबद्दल कळलं काय?

मला याचं उत्तर दिल्लीत मिळालं. १९९८ च्या फेब्रुवारीत, कॉलेजात असताना, पुस्तक मेळ्यासाठी प्रगती मैदानावर गेलो आणि हॉल ऑफ नेशन्समध्ये शिरलो. स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली तेव्हा, १९७२ मध्ये, आशिया ७२ या व्यापार मेळ्यासाठी ते बांधलं होतं. आराखडा राज रेवाल यांचा, स्ट्रक्चर महेंद्र राज यांचं. आत सत्तर मीटरहून जास्त झेप आणि मध्ये एकही खांब नाही. सगळा डोलारा स्पेस फ्रेमचा, म्हणजे त्रिकोणांत गुंफलेल्या दांड्यांच्या सांगाड्याचा.

असा सांगाडा सहसा पोलादाचा करतात. दांडे कारखान्यातून कापून येतात, साइटवर बोल्ट आवळायचे. आपल्याकडे तेव्हा पोलाद महाग आणि मिळायचं मुश्किलीने. सिमेंट होतं, सुतार होते, मजूर होते. म्हणून तोच सांगाडा काँक्रीटमध्ये, जागेवर शटरिंग, म्हणजे लाकडी साचे, लावून ओतला. एकेका सांध्यात कितीतरी दांडे वेगवेगळ्या कोनांतून येऊन मिळत होते. साध्या जिन्याचं शटरिंग ज्याने उभं राहून करून घेतलंय, त्याला हे सुतारकाम काय असेल ते लगेच कळेल. मी बराच वेळ एका सांध्याखाली मान वर करून उभा होतो. खाली फरशीवर उन्हाचे त्रिकोण पडले होते आणि एक लहान मुलगा फक्त उजेडाच्या त्रिकोणांवर पाय ठेवत चालला होता, आई हाका मारत होती तरी.

ती जाळी होती. ऊन चाळून घेणारी, आपल्या वाड्या-हवेल्यांत असते तशी, फक्त तिने अख्खं छप्पर पेललं होतं. त्यात संस्कृती कुठे संपते आणि आकांक्षा कुठे सुरू होते हे मला वेगळं काढता येईना. एप्रिल २०१७ मध्ये ती वास्तू पाडली. बातमी वाचली तेव्हा साइटवर होतो. त्या दिवशी पुढे काही काम झालं नाही. आजही विद्यार्थ्यांना तिचे फोटो दाखवताना मला वाईट वाटतं.

त्याआधीचं एक उदाहरण पाहा. मूळचे गोव्याचे आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी १९५८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात हातमागाचं पॅव्हेलियन केलं. भिंती उन्हात वाळवलेल्या विटांच्या, वर हातमागाच्याच कापडाच्या मोठमोठ्या छत्र्या. कापडाचं प्रदर्शन कापडाच्याच सावलीत. वेगळं बोधचिन्ह लावायची गरजच उरली नाही.

आकांक्षेसाठी मात्र फिनलंडचं १९०० सालचं पॅरिसमधलं पॅव्हेलियन अभ्यासा. फिनलंड तेव्हा स्वतंत्र देशच नव्हता. रशियन साम्राज्याचा भाग होता आणि १८९९ मध्ये झारने त्याच्या स्वायत्ततेवर घाला घातला होता. अशा वेळी गेसेलियस, लिंडग्रेन आणि सारिनेन या तिशीच्या आतल्या तिघा आर्किटेक्टांनी फिनलंडच्या खेड्यांतल्या जुन्या चर्चसारखी इमारत उभी केली. दारावर अस्वलं आणि खारी, घुमटात चित्रकार गालेन-कालेला यांनी रंगवलेले 'कालेवाला' या फिनलंडच्या महाकाव्यातले प्रसंग. स्वातंत्र्य मिळालं १९१७ मध्ये. आता म्हणाल, अस्वल हेही चिन्हच की! हो, पण 'आम्ही वेगळे आहोत' हे उघड म्हणणं कठीण असताना ते कोरलेलं होतं. तुमच्या कमळाला आज असं काय म्हणायचंय, हे एका वाक्यात लिहून गाइडना दाखवा. वाक्य जमलं नाही तर कमळ सोडा.

शांघायला २०१० मध्ये ब्रिटनने डिझायनर थॉमस हेदरविक यांच्याकडून करून घेतलेलं पॅव्हेलियनही बघाच. सुमारे ६०,००० पारदर्शक ॲक्रिलिकच्या कांड्या, प्रत्येक साडेसात मीटर लांब, आणि आतल्या टोकात बिया. राणी नाही, बिग बेन नाही, तरी लोक विसरले नाहीत.

आणखी एक गोष्ट, विद्यार्थी हमखास विसरतात ती. ही प्रदर्शनं साधारण सहा महिने चालतात आणि बहुतेक पॅव्हेलियनं नंतर उतरवावी लागतात. जर्मनीत हानोव्हरला २००० मध्ये आर्किटेक्ट पीटर झुमथोर यांनी स्वित्झर्लंडसाठी कच्च्या लाकडाचे वासे नुसते एकावर एक रचले, पोलादी सळ्या आणि स्प्रिंगनी दाबून धरले. खिळा नाही, स्क्रू नाही. सहा महिन्यांत लाकूड वाळत गेलं आणि प्रदर्शन संपल्यावर वासे विकून टाकले. भारतात तर लग्नाचे मांडव बांबू आणि सुतळीने एका रात्रीत उभे राहतात, दुसऱ्या दिवशी उतरतात. गणपतीत आपल्या गल्लीत मांडव बांधणाऱ्या माणसांची ती गाठ कधी जवळून पाहिलीय का? सुटायला सोपी आणि वाऱ्याला न हलणारी, दोन्ही एकदम. एवढं मोठं ज्ञान आपल्याकडे आहे आणि आपण फायबरची पाकळी करत बसतो, याचं मला मनापासून दुःख होतं.

तेव्हा पुढच्या रिव्ह्यूला एलिव्हेशन, म्हणजे इमारतीच्या बाहेरच्या रूपाचं चित्र, नेऊ नका. एखाद्या मांडववाल्याकडे दोन दिवस बसा, गाठ शिका आणि एकच सांधा खऱ्या मापाचा बांधून टेबलावर ठेवा. प्लॅन त्यानंतर काढा.