घोडीला कांदा चारू का? वरातवाल्यांचे अन् रायडिंगवाल्यांचे सवाल

या खेपेला घोड्यांवरची पत्रं बरीच आली, त्यातली जास्त नागपुरातूनच. सगळ्यांचा रोख एकच, कोणत्या मोसमात कोणती जडीबुटी द्यायची. चारच निवडलीत, बाकीच्यांची उत्तरं त्यातच येऊन जातील.

प्रश्न : नमस्कार डॉक्टरसाहेब. आमच्याकडं दोन घोड्या आहेत, वरातीचं काम करतो. आजोबा टांगा चालवायचे तेव्हापासून घरात रिवाज आहे का उन्हाळ्यात रोज दोन-चार कांदे चारायचे म्हणजे लू लागत नाही, पावसाळ्यात कडुनिंब, थंडीत मेथी, जवस अन् गूळ. आता पोरगं मोबाईलवर पाहून म्हणते कांदा बंद करा. बाबा ऐकत नाहीत. कोणाचं खरं? – एक वाचक, सक्करदरा

उत्तर : कांद्याच्या बाबतीत पोराचं खरं आहे, बाकी बऱ्याच गोष्टीत तुमच्या बाबांचं, त्यामुळे घरात भांडण नको. कांदा खिशात ठेवून उन्हात फिरणारे आपण नागपूरकर, तोच विचार घोडीपर्यंत गेला असणार. पण कांद्यातल्या गंधकाच्या घटकांनी घोड्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, लसणाचंही तेच, आणि हे एका दिवसात दिसत नाही, रोजरोज थोडं थोडं देत गेलं की हळूहळू साचत जातं. मग घोडी दमायला लागते, हिरड्या फिक्या पडतात, कधी लघवी लालसर-तपकिरी होते, आणि घरचे म्हणतात ऊन लागलं, अजून दोन कांदे द्या! तेव्हा आजपासून बंद. घरच्या जेवणातली कांदा-लसणाची फोडणी घातलेली शिळी भाजीसुद्धा नको.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा घोडीला जडीबुटीआधी मीठ लागतं, हे कोणी सांगत नाही कारण मिठाला कोणी औषध समजत नाही. घोड्याचा घाम आपल्यापेक्षा खारट असतो, अंगातलं मीठ त्यातून भसाभस निघून जातं, आणि मीठ गेलं की गंमत अशी होते की घोड्याला तहानच लागल्यासारखं वाटत नाही, बादली समोर ठेवली तरी तोंड फिरवतो. साध्या दिवसात ३० ग्रॅमच्या आसपास मीठ खाण्यात मिसळा, घाम गाळायचं काम असेल तर दुप्पट, आणि पाणी चोवीस तास समोर, नाहीतर मीठ देऊन उपयोग नाही उलट नुकसान. साधी घोडी दिवसाला २५-३० लिटर पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पटही पिऊ शकते. सैंधवाचा मोठा खडा दोरीला बांधून गोठ्यात लटकवला तर चाटत बसते, ते चांगलंच आहे. पुदिना, सांभार (कोथिंबीर), हिरवी हरळी, जे काही ताजं मिळेल ते मूठभर खाण्यात द्या, चवीनं खाते, पण त्यानं लू थांबेल असं समजून दुपारी एक वाजता वरात काढू नका.

ऊन लागलंच तर? थर्मामीटर गुदद्वारात लावायचा (हो, प्रत्येक घोडेवाल्याकडे एक असायला पाहिजे, शंभर-दोनशे रुपयात मिळतो). ९९ ते १०१ फॅरनहाइट नॉर्मल, १०३ च्या वर गेला आणि घोडी धापा टाकत असेल तर सावलीत घ्या, सगळ्या अंगावर पाणी ओतत राहा, थांबू नका, आणि डॉक्टरला फोन. गरम घोड्यावर गार पाणी टाकलं तर आखडतो ही समजूत डोक्यातून काढा. ओलं पोतं अंगावर टाकून ठेवणं मात्र चूक, ते थोड्या वेळात गरम होतं आणि उष्णता आतच कोंडते.

आता थंडीचं. मेथी द्या, बिनधास्त. ब्रिटनमध्ये २००५ साली संशोधकांनी घोड्यांना वेगवेगळ्या चवीचं खाद्य पुढे ठेवून पाहिलं होतं, तर पहिला नंबर मेथीचा आला, केळं दुसरं, गाजर मागे पडलं, आणि जिरंसुद्धा आवडत्या यादीत होतं. म्हणजे खाणं सोडलेल्या घोडीला भूक लावायला मेथीदाण्याचा चमचाभर भरडा, किंवा डिसेंबरात कॉटन मार्केटला मेथीच्या जुड्या स्वस्त होतात तेव्हा एखादी जुडी, याहून सोपा उपाय नाही. जवस तर आपल्या विदर्भाचंच, केसांना चमक येते, खाण्यातून चांगलं तेल मिळतं. पण जवस नुसतं कोमट पाण्यात भिजवून ठेवू नका, तसं केलं की त्यातून सायनाइड सुटायला लागतं. आधी पाणी खळखळ उकळू द्यायचं, मग त्यात जवस टाकायचं, दहा-पंधरा मिनिटं शिजवायचं, चांगलं चिकट झालं की थंड करून मूठ-दोन मूठ द्यायचं. बाबा बहुतेक असंच करत असतील, जुन्या लोकांचा हात यात बरोबर असतो. गूळ चवीपुरता. जाड, मानेवर चरबी चढलेल्या घोडीला तोही नको, खूर दुखून पाय आखडतात.

आणि विचारलं नाही तरी सांगतो, गव्हाचा चोकर (कोंडा) टोपलीनं चारत असाल तर आवरा. त्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम अगदी कमी, वर्षानुवर्षं तेच दिलं की शरीर हाडातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि तोंडाची हाडं सुजल्यासारखी जाड होतात. सोबत लसूणघास द्या, त्यात कॅल्शियम भरपूर असतं (नावात लसूण आहे म्हणून घाबरू नका).

प्रश्न : पावसाळ्यात माशा अन् चिलटांनी घोडा हैराण होतो, शेपटी घासून घासून केस जातात. आम्ही गोठ्यात कडुनिंबाचा धूर करतो. मधी घोड्याला ताप आला तर गुळवेलीचा काढा दिला, उतरला, पुन्हा आला. काय करावं? – कामठी

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत भाऊ, आणि दुसरी जास्त गंभीर आहे.

धूर बंद गोठ्यात नको, घोड्याची फुप्फुसं फार नाजूक असतात. कडुनिंबाचं तेल खोबरेल किंवा तिळाच्या तेलात पातळ करून आधी मानेवर रुपयाएवढ्या जागेत लावून एक दिवस पाहा, लाल झालं नाही तर शेपटीच्या मुळाशी आणि आयाळीत लावा. संध्याकाळी आणि पहाटे चिलटं जास्त चावतात, त्या वेळेला घोडा आत आणि समोर पंखा, एवढी बारीक चिलटं पंख्याच्या वाऱ्यात उडूच शकत नाहीत. निंबाच्या पाल्याचं पाणी उकळून गार करून खूर धुवायला चांगलं. खुराच्या तळाला मधोमध जो त्रिकोणी मऊ भाग असतो त्याच्या कडेच्या खाचेत बोट घालून वास घ्या, घाण सडका वास आला, काळं चिकट निघालं तर समजा ओलीनं सडून राहिलं. रोज कोरून स्वच्छ आणि कोरडं ठेवा, नुसतं पाणी मारून भागत नाही.

ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो, घोडा खातो तरी वाळतो, पोटाखाली किंवा पायाला सूज, असं असेल तर सर्रा निघू शकतो. मोठ्या चावऱ्या माशांमधून पसरणारा रक्तातला परजीवी असतो तो, गुळवेलीनं मरत नाही. काढा दिल्यावर उतरला असं वाटतं कारण त्या रोगात ताप आपोआपच चढ-उतार करतो. रक्त तपासून घ्या, सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, घोडा नेणं जमत नसेल तर जवळच्या डॉक्टरला बोलवा. इंजेक्शन आहे त्याला. तसंच खिळा रुतला, जखम झाली की वरून हळद भरली म्हणजे झालं असं नाही, घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, लस घेतलेली पाहिजे.

प्रश्न : पोट फुगलं की आम्ही ओवा, हिंग, काळं मीठ गरम पाण्यात करून बाटलीनं पाजतो. बरोबर? – हिंगणा रोड

उत्तर : ओवा वाईट नाही, बाटली वाईट. डोकं वर करून जबरदस्तीनं ओतलं की थोडंसं फुप्फुसात जातं, मग पोट बरं होतं आणि न्युमोनिया सुरू होतो. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही, आधीच तटतटलेल्या पोटात अजून दोन लिटर ओतणं म्हणजे धोका. पायानं जमीन खरवडणं, वळून वळून पोटाकडे पाहणं, लोळणं, लीद बंद, असं दिसलं की पुढचा चारा काढून घ्या आणि खालच्या जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटं ठेवून नाडी पाहा, पंधरा सेकंद मोजून गुणिले चार. शांत उभ्या घोड्याची २८ ते ४४ असते. ६० च्या वर गेली तर ओवा शोधत बसू नका, डॉक्टर शोधा.

पोट दुखण्याआधी घोडा कुठं उभा होता तेही आठवा. लॉनच्या बाहेर वरात तासभर थांबते, नाच संपत नाही, आणि घोडी कुंपणाच्या झाडाला तोंड लावते. ते झाड कण्हेर असलं तर मूठभर पानंही जीव घेऊ शकतात, वाळलेली पानंही तितकीच विषारी. रुईचं, धोतऱ्याचं, घाणेरीचंही तसंच, त्यामुळे मारुतीच्या देवळातलं शनिवारचं निर्माल्य जनावरापुढे टाकायची सवय सोडा. पावसाळ्यात कापून आणलेल्या गवतात तरोटा (टाकळा) आला तर तोही वेचून काढा, आपण भाजी करून खातो ते वेगळं, त्याच्या जातकुळीतल्या काही झाडांच्या बियांनी जनावरांचे स्नायू खराब होतात.

प्रश्न : मुलगी रायडिंग शिकते, पुढच्या वर्षी स्पर्धेत उतरायचं म्हणते. घोड्याच्या पायाला लावायला एक हर्बल बाम आणलाय, पूर्णपणे नैसर्गिक लिहिलंय, चालेल ना? – धरमपेठ

उत्तर : ताई, डब्यामागची यादी वाचा. त्यात मिरचीचा अर्क म्हणजे कॅप्सेसिन असेल तर स्पर्धेच्या घोड्याला लावायचा नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकची घोडेस्वारी हाँगकाँगला झाली होती, तिथे चार घोड्यांच्या तपासणीत हेच कॅप्सेसिन सापडलं आणि ते स्पर्धेतून बाद झाले. झोप आणणाऱ्या व्हॅलेरियन मुळीवरही बंदी आहे. यादीच छापलेली नसेल तर तो डबा दुकानदाराला परत करा, आणि नवीन काही लावायच्या आधी मुलीच्या कोचला डब्याचा फोटो पाठवा.