दुकानात गेला की शहाणा होणारा लॅपटॉप

प्रश्न : माझा लॅपटॉप नऊ वर्षांचा आहे. वडिलांच्या जुन्या पत्रांचे फोटो मोबाइलवर बघत मी ती टाइप करते. मध्येच पडदा काळा होतो. कधी दिवसातून तीनदा, कधी आठवडाभर काहीच नाही. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस चालू ठेवून पाहिला, एकदाही बंद पडला नाही. तरी मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, बदला म्हणतो. बदलू का?
– एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण

उत्तर : बाई, इतक्यात नको. बिघाड डोळ्यांनी न बघता मदरबोर्ड बदला म्हणणं म्हणजे अंधारात दगड मारणं. आम्ही दुरुस्तीवाले ते करतो, मीही केलंय.

पुढच्या वेळी पडदा काळा झाला की बटण दाबू नका. आधी पॉवरचा दिवा बघा.

दिवा विझला, पंखाही थांबला, तर अ‍ॅडॉप्टर, बॅटरी किंवा आत साचलेल्या धुळीने वाढलेली उष्णता. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर बॅटरी फुगली असेल. मग चार्जिंगला अजिबात लावू नका.

दिवा नेहमीसारखा चालू असेल तर पडद्यावर टॉर्च तिरकी मारा. अक्षरं पुसट दिसली तर बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, गेलाय. झाकण हलवल्यावर चित्र येत-जात असेल तर बिजागरीतून जाणारी केबल झिजली आहे. ती मदरबोर्डपेक्षा पुष्कळ स्वस्तात बदलते.

आणि दिवा लुकलुकत असेल तर लॅपटॉप बहुधा बिघडलेला नाही, झाकण मिटल्यावर झोपतो तसा झोपलाय! माझा संशय इथेच आहे. झाकण मिटलं हे बऱ्याच लॅपटॉपना चुंबकामुळे कळतं : चुंबक झाकणात, तो ओळखणारा हॉल सेन्सर कीबोर्डच्या बाजूला. तुमच्या मोबाइलला पुस्तकासारखं मिटणारं कव्हर आहे का? त्यातही बहुधा चुंबक असतो. एका गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपची मी रॅम बदलली, विंडोज नव्याने टाकलं, तो तिसऱ्यांदा परत आला. शेवटी घरी गेलो, तर तो टाइप करताना फोन हाताजवळ कीबोर्डवरच टेकवून ठेवायचा. पैसे परत केले, चहा मात्र घेतला.

तुमच्या दुरुस्तीवाल्याकडे लॅपटॉप होता, तुमचा फोन नव्हता. कव्हर मिटून कीबोर्डच्या कडेकडेने सावकाश फिरवून बघा. झोपला तर झालंच. नाही झोपला तर दिव्याचं काय होतं ते मला कळवा. पत्रांची एक प्रत मात्र आजच पेनड्राइव्हवर घ्या. नऊ वर्षांच्या हार्डडिस्कचा मला भरवसा नाही.