डॉक्टरांनी दिराला सांगितलं, मला नाही

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातली. नवऱ्यासोबत दरवर्षी ऊसतोडीला जाते. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून तालुक्याच्या खासगी दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढावी लागेल. रक्त घेतलं, कशाला ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दिराला बाजूला घेऊन म्हणाले, 'हिला एचआयव्ही आहे, ऑपरेशन इथं होणार नाही.' कागद एकही दिला नाही. आता घरात माझं ताट वेगळं केलंय. मुकादम म्हणतो, तुमचा कोयता (नवरा-बायकोची जोडी) नको, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) परत करा. माझ्यावर उपचार कोण करणार? आणि ज्यांनी हे सांगितलं त्यांना कुणी जाब विचारणार का?

उत्तर : ताई, जाब विचारता येतो आणि विचारलाच पाहिजे. पण आधी तुमच्या तब्येतीचं बघू. तक्रार चार दिवस उशिरा दिली तरी चालेल, औषध लांबवू नका.

एका दवाखान्यातल्या एका चाचणीवर एचआयव्हीचं निदान पक्कं होत नाही. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात 'आयसीटीसी', म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि चाचणी केंद्र, कुठं आहे ते विचारा. तिथं चाचणी फुकट होते. समुपदेशक आधी तुमच्याशी एकटीशी बोलतात, तुमची संमती घेतात, मगच रक्त घेतात. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर आणखी दोन वेगळ्या किटवर तपासून खात्री करतात आणि निकाल तुमच्याच हातात देतात, दिराच्या नाही. नवऱ्याची आणि मुलांचीही तपासणी करून घ्या. निदान पक्कं झालं तर बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय इथल्या एआरटी सेंटरमधून, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रातून, गोळ्या मोफत मिळतात. ही कुणाची मेहेरबानी नाही, एचआयव्ही-एड्स कायदा, 2017 च्या कलम 14 नं ती जबाबदारी सरकारवर टाकली आहे. नेमानं गोळ्या घेऊन रक्तातलं विषाणूचं प्रमाण चाचणीत दिसेनासं झालं आणि तसंच राहिलं, की शरीरसंबंधातून नवऱ्याला लागण होत नाही. दिवाळीनंतर टोळी कर्नाटकात गेली तरी औषध तुटू देऊ नका. निघण्याआधी सेंटरला सांगा. तब्येत स्थिर असेल तर ते काही महिन्यांच्या गोळ्या एकदम देतात, नाहीतर कारखान्याजवळच्या सेंटरमध्ये सोय लावून देतात.

पिशवीचं मात्र घाईनं काही करू नका. पांढरं जाणं आणि ओटीपोटाचं दुखणं बहुतेक वेळा संसर्गानं असतं आणि औषधांनी बरं होतं. जिल्हा रुग्णालयातल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये, म्हणजे अशा संसर्गांवरच्या दवाखान्यात, ही औषधं फुकट मिळतात. नवऱ्यालाही तीच औषधं लागू शकतात, नाहीतर दुखणं परत येतं. तुमच्याच जिल्ह्यात 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा 82,309 पैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. फडात पाळीचा खाडा परवडत नाही, वर कॅन्सरची भीती घातली जाते आणि पस्तिशीच्या आतल्या बाईची पिशवी निघते. याचा मला मनापासून राग आहे. त्यानंतर बीडमधल्या खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली गेली. कुणी ऑपरेशन सुचवलं तर आधी सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घ्या.

आता त्या डॉक्टरांबद्दल. 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे आणि त्यांनी तो तीन ठिकाणी मोडला. संमतीशिवाय चाचणी केली (कलम 5). तुमची लेखी संमती नसताना निकाल दुसऱ्याला सांगितला (कलम 8). एचआयव्हीच्या कारणावरून उपचार नाकारले (कलम 3). 'ऑपरेशनआधी सगळ्यांचीच करतो' असं ते म्हणतील. पण संमती लागत नाही असे अपवाद कलम 6 मध्ये मोजकेच आहेत, त्यात हे बसत नाही. खरोखर सोय नसेल तर डॉक्टर पुढं पाठवू शकतात, पण कारण लिहून, पेशंटच्या हातात चिठ्ठी देऊन.

कागद नाही म्हणता, तर तो मागा. साध्या कागदावर अर्ज लिहा, केसपेपर आणि रक्ताचा रिपोर्ट मागा, पोच घ्या. पोच दिली नाही तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. मग तक्रार या कायद्याखालच्या राज्याच्या लोकपालांकडे जाते. ती कशी पाठवायची ते जिल्हा रुग्णालयातलं एड्स नियंत्रण पथक, ज्याला तिथं 'डापकू' म्हणतात, सांगेल. लोकपालांनी 30 दिवसांत आदेश द्यायचा असतो, जिवावरचं असेल तर शक्यतो 24 तासांत. तो आदेश पाळला नाही तर दंड होतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे वेगळी तक्रार करता येते, मी तीही करायला सांगेन.

घरातून तुम्हाला कुणी काढू शकत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 चं कलम 17 तुम्हाला त्या घरात राहण्याचा हक्क देतं, घर कुणाच्याही नावावर असो. ताट वेगळं करून काही साधत नाही, एका ताटात जेवल्यानं एचआयव्ही होत नाही. हे घरच्यांना समजावण्याचं काम समुपदेशकांवर सोपवा, पण तुमची इच्छा असेल तरच.

मुकादमालाही केवळ एचआयव्हीवरून काम नाकारता येत नाही, तोही कलम 3 चाच भंग आहे. उचलीचा हिशेब लेखी मागा आणि तोवर कशावरही अंगठा देऊ नका. पैशापायी दागिने, जनावरं उचलून नेली किंवा माणसाला अडकवून ठेवलं तर सरळ पोलिसांत जा.

वकिलाच्या फीची काळजी नको. बाई म्हणून तुम्हाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, फोन 15100. एचआयव्हीची माहिती 1097 वर मिळेल. प्रकरण कोर्टात गेलं तर कलम 34 खाली टोपणनावानं आणि बंद खोलीत सुनावणी मागता येते. वकील भेटले की पहिल्याच दिवशी त्यांना हा अर्ज तयार ठेवायला सांगा.